तरंगणाऱ्या होडीचं वजन

मला लोकांचं बोलणं दुरुस्त करायची खोड आहे. आता वयाबरोबर ती जरा मवाळ झाली आहे, पण तरुणपणी भलतीच जोरात होती. बोईसरच्या बाजारात कांदेवाला "दोन किलो वजन भरलं बघा" म्हणाला की मी त्याला थांबवायचे. किलो हे वजनाचं एकक नाही, वस्तुमानाचं आहे. वजन न्यूटनमध्ये मोजतात. तुमचा तराजू वस्तुमानच मोजतो, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. तो बिचारा पारडं हातात धरून ऐकून घ्यायचा आणि मग माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "या पुढे, काय देऊ?"

माझे यजमान तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होते. दिवसभर हिंदी बोलून घरी यायचे आणि ताटावर बसले की मला चिडवायचे, "आज भाताचं वस्तुमान जरा जास्त झालंय, थोडा काढून ठेव." मी चिडले की त्यांना आणखी चेव यायचा. माझं माहेर पालघरच्या बाजूला, पानवेलीच्या वाडीतलं. विहीर, रहाट, पाट एवढंच पाणी मी पाहिलेलं. समुद्र दोन कोसांवर होता, पण त्याच्याशी आमचा संबंध ताटातल्या मासळीपुरता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या अडाणीपणाचा मोठा हात होता.

बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर मला दांडीच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञानाची नोकरी लागली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बोईसरहून एस.टी.ने जायचं, शेवटच्या थांब्यावर उतरून थोडं चालायचं. शाळेत निम्मी मुलं मच्छीमारांची, निम्मी आतल्या गावांतली, शेतकऱ्यांची. महिन्याभरात मुलांनी माझं नाव 'वस्तुमान बाई' पाडलं. मला ते कळलं तेव्हा रागापेक्षा समाधानच वाटलं. निदान शब्द तरी यांच्या तोंडात बसला, असं मी यजमानांना सांगितलं.

नववीच्या वर्गात तो धडा मी मनापासून शिकवायचे. शाळेत एक ताणकाटा होता, स्प्रिंगला आकडा लावलेला. त्याला दगड अडकवायचा आणि काटा किती खाली आला ते मुलांना वाचायला लावायचं. मग तोच दगड पाण्याच्या बादलीत बुडवायचा. काटा वर सरकायचा. मुलं पुढे वाकून बघायची. मग दगड काढून लाकडाचा ठोकळा अडकवायचा आणि पाण्यावर सोडायचा. ठोकळा तरंगायला लागला की काटा थेट शून्यावर. मी फळ्यावर लिहायचे: तरंगणाऱ्या वस्तूचं वजन शून्य. त्याखाली: वस्तुमान मात्र तेवढंच राहतं, ते बदलत नाही. आणि दोन्ही वाक्यांखाली दोनदोन रेघा मारायचे.

एका वर्षी या वाक्यांवर एक हात वर झाला. हात एका तांडेलाच्या मुलीचा होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, खलाशांना घेऊन समुद्रात जाणारा. मुलगी हुशार, पण हुशारी मिरवायची नाही. तिने विचारलं, "बाई, म्हणजे आमची होडी पाण्यात असते तेव्हा तिचं वजन शून्य?" मी म्हटलं, "शून्य." ती म्हणाली, "आणि वस्तुमान?" मी म्हटलं, "तेवढंच." ती म्हणाली, "मग ते तेवढंच राहतं ते कळतं कशावरून?" मी तिला सांगितलं की ते आपण तराजूने मोजलेलं असतं, म्हणून कळतं. मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं, पण तास संपत आला होता.

वस्तुमान तेवढंच राहतं, हे वाक्य तोपर्यंत मी शेकडो वेळा उच्चारलं असेल. ते तेवढंच राहतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. मला ते वाक्य येत होतं, एवढंच.

नववी संपल्यावर त्या मुलीची शाळा सुटायची वेळ आली. आईला घरी हात हवा होता. मासळी निवडायची, वाळवायची, पाटी घेऊन बाजारात जायचं, ही सगळी कामं बायकांची. मी त्यांच्या घरी गेले. आई बोलायला तिखट होती. ती म्हणाली, "दहावी करून कोनता मासा जाळ्यात येतो, सांगा बाई." तांडेल ओट्यावर जाळं विणत बसले होते. उंच, सडपातळ माणूस, बोलणं कमी. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दहावी करू दे. पुढचं पुढं बगू." मुलगी दहावीत बसली.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. शनिवारी सकाळची शाळा असायची. शाळा सुटल्यावर मुलगी म्हणाली, "बाई, आज बाबांची होडी भरतीला येणार आहे. तुम्ही कधी बघितली नाहीत." खरोखरच बघितली नव्हती. दोन-तीन वर्षं नोकरी करून मी धक्क्यापर्यंत एकदाही गेले नव्हते. आम्ही दोघी गेलो. खाडीच्या तोंडाशी दगडी धक्का होता, त्याला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. ऊन छान पडलं होतं. मी खालच्या पायरीवर पदर खोचून बसले आणि पाय पाण्याच्या वर सोडले. मुलगी वरच्या पायरीवर उभी राहिली.

होडी आली ती इतकी संथ आली की मला हसू आलं. इंजिन बंद केलेलं. चरून परत येणाऱ्या म्हशीसारखी ती आमच्याकडे येत होती, कुणाला कसली घाई नाही. चार-पाच टनांची होडी, आत मासळी, बर्फ, जाळी, पाच माणसं. तांडेल पुढच्या टोकावर दोर घेऊन उभे. एका खलाशाने बांबू पाण्यात टेकवून तिला जरासं वळवलं, आणि एवढी मोठी होडी वळलीसुद्धा. मला माझा धडा डोळ्यांसमोर घडताना दिसला. मी मान वळवून मुलीला म्हटलं, "बघितलंस? वजन शून्य. मी हिला एका पायाने थांबवून दाखवते." आणि मी पाय ताठ करून पुढे केला.

त्यानंतरचं सगळं दोन श्वासांत झालं. तांडेलांनी दोर टाकून पायरीवर उडी मारली, डाव्या हाताने मला मागे लोटलं आणि उजव्या हाताने माझा पाय बाजूला केला. माझा पाय निघाला, त्यांचा हात राहिला. मोठा आवाज झाला नाही. होडी दगडाला टेकली आणि वीतभर मागे सरकली. तेवढ्या वेळात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याच्या शेजारची, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये सापडली होती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी हात काढून छातीशी धरला आणि पायरीवर बसले. मुलगी "बाबा" म्हणून खाली आली. खलाशांनी होडी बांधली, कुणी तरी पंचा फाडून हाताला गुंडाळला. मी पायरीवरच बसून होते. तांडेलांनी मला विचारलं, "बाई, पायाला लागलं काय?" मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मंग बरं हाय."

टेम्पोतून त्यांना बोईसरला नेलं, तिथून पालघरला. डॉक्टरांनी बोटं वाचवली, कापावी लागली नाहीत. पण हाडं चुरली होती. ती जुळतील, वाकतील की नाही ते सांगता येत नाही, असं म्हणाले. तीन-चार महिने समुद्र बंद. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मुलीची आई आली, नवऱ्याला बघून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "तुमी घरी कशा जानार?"

मी घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला चिडवलं नाही. ते म्हणाले, "अगं, कारखान्यात मालाची ढकलगाडी असते ना, चाकांवरची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, ती सुटली तर आडवा पाय घालू नकोस. हलकी वाटते, पण थांबत नाही." मी म्हटलं, "मग हे मला तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुला कोण काय सांगणार?" ते खरंच होतं, आणि मला खूप लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सोमवारी मुलगी शाळेत आली नाही. मंगळवारीही नाही. आठवडा गेला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी रोज गैरहजेरी मांडत होते, आणि ती मांडणारी मीच आणि तिला घरी बसवणारीही मीच, हे मला कळत होतं. दहावीचा फॉर्म भरून झाला होता. परीक्षा मार्चात. घरात कमावता माणूस ओट्यावर हात गळ्यात बांधून बसला होता आणि होडी दुसऱ्याच्या हाती गेली होती. आईला आता पोरीचे हात खरोखरच हवे होते. यात तिची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. एवढंच वाटलं की ही मुलगी आता परीक्षेला बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, आणि ते माझ्या पायाने केलेलं असेल.

रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बोंबलांचा हंगाम होता. घरामागे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि मुलगी न् तिची आई बोंबील वाळत घालत होत्या. मी आईला म्हटलं, "मला काम द्या. मी हे करते, तिला तेवढा वेळ वाचू द्या." तिने माझ्या धुवट साडीकडे बघितलं. मग बोंबलांची पाटी पायाने माझ्याकडे सरकवली.

बोंबील वाळत घालायला दोन घ्यावे लागतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. ऐकायला सोपं आहे. पण बोंबील हातात राहत नाही, निसटतो, आणि त्याचे दात बारीक असले तरी बोटांत घुसतात. मी पहिल्या दिवशी जेवढे टांगले त्यातले निम्मे वाळूत पडले. आईने ते उचलून, धुऊन, पुन्हा टांगले. मुलगी दोरीच्या सावलीत बसून इतिहास मोठ्याने वाचत होती. मधेच आई म्हणाली, "तो राजा कशाला गेला तितं? घरी बसला असता तं मेला नसता." मुलगी हसली. त्या घरात अपघातानंतर कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी दर रविवारी जायला लागले, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर. हाताला वास राहायचा, तो लिंबाने जायचा नाही. यजमान म्हणायचे, "निदान भाजीला बोंबील तरी आण." मी आणले नाहीत. त्या घरातून काही आणायची मला लाज वाटायची.

तांडेल ओट्यावर बसून आमच्याकडे बघत असायचे. एकदा त्यांनी मुलीला विचारलं, "बाईंनी तुमाला होडीचं काय शिकवलं हुतं?" मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हातातले बोंबील खाली ठेवले आणि म्हटलं, "मी सांगते. मी शिकवलं होतं की तरंगणाऱ्या वस्तूचं वजन शून्य असतं. ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मलाच येत नव्हतं." ते म्हणाले, "वजन शून्य, ते खोटं नाय. तितपत बरोबर हाय."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला आणि मुलीला खाडीवर नेलं. हात अजून गळ्यात होता. गुडघाभर पाण्यात एक छोटी होडी उभी होती, आतमध्ये ओली जाळी भरलेली. ते म्हणाले, "ढकला." मी ढकलली. सुरुवातीला हलेचना. मला आश्चर्य वाटलं. वजन नाही तर हलत का नाही? मी रेटत राहिले, आणि मग ती हळूहळू निघाली, आणि निघाल्यावर माझ्या एका हाताने चालायला लागली. ते म्हणाले, "आता थांबवा." मी पुढे जाऊन दोन्ही हात लावले. ती मला घेऊन मागे चालली. माझे पाय वाळूत घसरत होते, कमरेपर्यंत भिजले, आणि ती आपली शांतपणे येतच होती. घाबरून मी बाजूला झाले.

"बगितलंत?" तांडेल म्हणाले. "वजन पानी उचलतं, बाई. रेटा कोन उचलंल?"

मी तशीच पाण्यात उभी राहिले. मुलगी काठावरून म्हणाली, "बाई, म्हणजे वस्तुमान तेवढंच राहतं ते यावरून कळतं. निघताना आणि थांबताना." नववीत तिने विचारलेला प्रश्न तिनेच सोडवला होता. मी म्हटलं, "हो. यावरूनच कळतं." मग तांडेलांनी मला थांबवायची रीत दाखवली. समोर उभं राहून अडवायचं नाही. बाजूला हात लावायचा आणि तिच्याबरोबर चालायचं, चालता चालता थोडं थोडं मागे ओढायचं. ती आपोआप मंदावते. मला तिसऱ्या खेपेला जमलं. एवढं साधं काम जमल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता, आणि तो आनंद या माणसाच्या गळ्यात बांधलेल्या हातासमोर झाला याचं वाईटही वाटलं.

जानेवारीत एका रविवारी मी बोंबील टांगत होते. आतापर्यंत माझे पडायचे बंद झाले होते. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या रांगेकडे बघून म्हणाली, "तुमची रांग वाकडी येते." मी सरळ करायला लागले. ती म्हणाली, "ऱ्हाव द्या. सोमवारपासून जाईल ती शाळत. दुपारी मातर मला पायजे." मी मुलीकडे बघितलं. ती पुस्तकात तोंड घालून बसली होती, पण वाचत नव्हती. मी आईला काही तरी म्हणायला गेले, तर ती पाटी उचलून निघूनही गेली होती.

शाळेत मी दहावीच्या मुलांना नववीच्या वह्या आणायला सांगितल्या. निम्म्यांनी त्या केव्हाच रद्दीत घातल्या होत्या. ज्यांच्या होत्या त्यांना मी ते वाक्य दुरुस्त करायला लावलं. वजन शून्य भासतं, कारण पाणी तेवढाच भार उचलून धरतं. वस्तुमान तेवढंच राहतं. आणि ते तेवढंच आहे हे वस्तू हलवताना आणि थांबवताना कळतं. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, परीक्षा तोंडावर आलेली असताना मागच्या वर्षीचं काय उकरून काढता?" मी त्यांना कारण सांगितलं नाही.

होळीच्या सुमाराला तांडेल पुन्हा समुद्रात गेले. मी धक्क्यावर गेले होते, यावेळी अगदी वरच्या पायरीवर उभी राहून. ते दोर ओढत होते, तळहात आणि बाकीच्या बोटांत धरून. दोन बोटं ताठच राहिली होती, पण दोर येत होता. मी विचारलं, "हात कसा आहे?" ते म्हणाले, "चालतो. कामाला चालतो." मी घरी येऊन यजमानांना सांगितलं, "त्यांचा हात बरा झाला." त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

मुलगी परीक्षेला बसली. केंद्र बोईसरला होतं, सगळ्या पेपरांना ती एस.टी.ने आली आणि गेली. विज्ञानाच्या पेपरनंतर मी तिला गाठून विचारलं, काय काय लिहिलंस. ती म्हणाली, "सगळं पुस्तकातलंच लिहिलं, बाई. तुमच्या वहीतलं नाही लिहिलं." मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "तपासणाऱ्याने खाडी कुठे बघितलीय?" मला हसावं की रडावं कळेना. पण तिचं बरोबर होतं.

जूनमध्ये निकाल लागला. ती दुसऱ्या वर्गात पास झाली, त्यांच्या आळीत दहावी झालेली पहिली मुलगी. आई शाळेत पेढे घेऊन आली आणि शिपायापासून सगळ्यांना वाटून गेली. मला पेढा देताना म्हणाली, "घ्या. आता अकरावी म्हनते ती." बोलण्यात नेहमीचा तिखटपणा होता, पण चेहरा लपत नव्हता. अकरावी पालघरला. त्यासाठी आमच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला न्यायचा होता.

दाखल्यासाठी तांडेल मुलीला घेऊन आले. पावसामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, त्यांना वेळ होता. इस्त्रीचा सदरा घातला होता. मी मुद्दाम ऑफिसात जाऊन उभी राहिले, कारण हा दिवस मला बघायचा होता. आमचे कारकून त्याच महिन्यात बदलून आलेले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी अर्ज लिहून दिला, खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा."

तांडेल चौथीपर्यंत शिकलेले होते. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मी अपघातापर्यंत बघत आले होते. मोठी, सुटी, एकेक अक्षर बसवून काढलेली. तशा सह्या करणारे बाप त्या वर्गात फार नव्हते. त्यांनी पेन घेतलं. अंगठ्याने ते शेजारच्या बोटाला टेकवून बघितलं. बोट वाकलं नाही, पेन कलंडलं. त्यांनी ते मुठीत धरून बघितलं. कागदावर एक वाकडी रेघ उमटली आणि तिथेच थांबली. डाव्या हातात घेतलं, मग पुन्हा उजव्यात. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"अंगठा चालंल ना?" त्यांनी विचारलं.

कारकून म्हणाले, "चालेल की. सही येत नाही का?"

मुलीने तोंड उघडलं. तांडेलांनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि ती गप्प झाली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते कारकुनाला म्हणाले, "नाय येत."

कारकुनाने खणातून शाईची उशी काढली. तांडेलांनी डाव्या हाताचा अंगठा तिच्यावर दाबला, मग कागदावर. अंगठा स्वच्छ उठला. कारकुनाने शेजारी लिहिलं, नि. डा. हा. अं., निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मग कारकुनांनी इकडेतिकडे बघितलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"बाई, अंगठ्याला साक्षीदार लागतो. तुमच्यासमोर केलाय ना? मग तुम्हीच करा सही."

मी पेन उचललं आणि अंगठ्याच्या खाली सही केली.